‘एन्लार्ज’ म्हणजे नेमके काय मोठे होते?

आपला प्रश्न असा आहे की, इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘एन्लार्ज’ या क्रियापदापुढे ‘वाढवणे, मोठे करणे, विस्तार करणे’ असे अर्थ दिलेले असतात आणि ‘इन्क्रीज’, ‘एक्स्पांड’, ‘एक्स्टेंड’ यांच्यापुढेही जवळजवळ हेच शब्द असतात. मग कोणता शब्द कोठे वापरायचा हे ओळखावे कसे? त्यासोबत आपल्याला अडलेली तीन वाक्येही आपण पाठवली आहेत. सोनोग्राफीच्या अहवालातले ‘लिव्हर इज माइल्डली एन्लार्ज्ड’, न्यायालयाच्या आदेशातले ‘द अ‍ॅप्लिकंट बी एन्लार्ज्ड ऑन बेल’ आणि एका कार्यालयीन पत्रातले ‘प्लीज एन्लार्ज अपॉन धिस पॉइंट’. मी गेली तीस वर्षे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो आहे आणि त्यातला मोठा वाटा न्यायालयीन व वैद्यकीय कागदपत्रांचा असल्यामुळे ही तिन्ही वाक्ये माझ्या टेबलावरून अनेकदा गेली आहेत. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

अडचणीचे मूळ इंग्रजीत कमी आणि आपल्या ‘वाढवणे’ या क्रियापदात जास्त आहे, असे माझे मत आहे. मराठीत पगार वाढवतात, आवाज वाढवतात, वेग वाढवतात, मुदत वाढवतात, घर वाढवतात, दाढी वाढवतात आणि ओळखही वाढवतात. शिवाय देवापुढे नारळ वाढवतात, म्हणजे फोडतात, आणि हातातली काचेची बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ असे म्हणतात. इतक्या कामांना एकच शब्द पुरत असल्यामुळे मराठी माणूस इंग्रजीत जातो तेव्हा त्या सगळ्यांसाठी एकच इंग्रजी शब्द शोधतो आणि ‘एन्लार्ज द सॅलरी’, ‘एन्लार्ज द व्हॉल्यूम’, ‘प्राइसेस हॅव एन्लार्ज्ड’ अशी वाक्ये तयार होतात. ही तिन्ही वाक्ये चुकीची आहेत. पगार, आवाज आणि किंमत या मोजून किंवा पातळीने सांगायच्या गोष्टी आहेत. त्यांना अंगकाठी नाही. पगार आणि किंमत यांना ‘इन्क्रीज’ किंवा ‘रेज’ लागते, आवाज ‘टर्न अप’ करतात. ‘एन्लार्ज’ लागते ते ज्या वस्तूला स्वतःचा आकार, विस्तार किंवा आवाका आहे आणि ती वस्तू तीच राहून तो आकार मोठा होतो, त्या ठिकाणी. फोटो, खोली, छिद्र, अवयव, ग्रंथ, समिती, अधिकारक्षेत्र ही या क्रियापदाची नेहमीची कर्मे आहेत. म्हणून वाक्य समोर आले की पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: येथे संख्या वाढली, की वस्तू मोठी झाली? वस्तू मोठी झाली असेल तरच ‘एन्लार्ज’चा विचार करावा.

शब्दाची घडण पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. ‘लार्ज’ या विशेषणाला आधी ‘एन’ जोडून हे क्रियापद झाले आहे. ‘एन्रिच’ आणि ‘एनेबल’ हीसुद्धा अशीच घडली आहेत. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘लार्गुस’ म्हणजे मुबलक, सढळ हाताचा. त्या घराण्यातला ‘लार्जेस’ हा इंग्रजी शब्द आजही दातृत्वासाठी वापरतात. फ्रेंचमध्ये ‘लार्ज’चा अर्थ आजही ‘मोठा’ नसून ‘रुंद, ऐसपैस’ असा आहे. म्हणजे या शब्दाच्या पोटात उंची किंवा संख्या नाही, तर पुरेशी जागा, ऐसपैसपणा आहे. मराठीत रुंदवरून रुंदावणे आणि लांबवरून लांबवणे ही क्रियापदे सहज होतात, पण ‘मोठा’ या विशेषणापासून प्रमाण मराठीत असे रूढ क्रियापद झालेले नाही. त्यामुळे ‘मोठा करणे’ आणि ‘मोठा होणे’ हीच जोडी ‘एन्लार्ज’च्या सर्वांत जवळची आहे आणि भाषांतर करताना मी आधी तीच लावून पाहतो. ‘वाढवणे’कडे मी नंतर वळतो आणि ‘विस्तार करणे’ अगदी शेवटी.

१६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायात एक वचन आहे, ज्यात आकार वाढवण्याची तीन वेगवेगळी क्रियापदे एका ओळीत आली आहेत आणि प्रत्येक आपापल्या जागी आहे. मराठीत त्याचा आशय असा सांगता येईल: तुझ्या तंबूची जागा मोठी कर, कनाती ताणून पसर, दोर लांबव आणि मेखा पक्क्या कर. मूळ इंग्रजीत जागेला ‘एन्लार्ज’ आहे, कनातींना ‘स्ट्रेच फोर्थ’ आहे, दोरांना ‘लेंग्थन’ आहे आणि मेखांना ‘स्ट्रेंग्थन’. दोर एन्लार्ज करत नाहीत, कारण दोराची फक्त लांबी वाढते. कापड एन्लार्ज करत नाहीत, कारण ते ताणले जाते. मेखा मोठ्या करायच्या नाहीतच, त्या मजबूत करायच्या आहेत. एन्लार्ज होते ती माणसांना राहायची जागा. वर्गात हा फरक शिकवायचा असेल तर याहून चांगले उदाहरण मला आजवर सापडलेले नाही. याच वचनावर विल्यम केरी यांनी १७९२ मध्ये नॉटिंगहॅम येथे प्रवचन दिले होते, आणि पुढे बंगालमधील श्रीरामपुरातून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठीचा शब्दकोश प्रसिद्ध करणारे केरी ते हेच.

आता आपल्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण त्याचा अर्थ सर्वांत वेगळा आहे आणि चुकल्यास सर्वांत जास्त नुकसान करतो. माझ्या कामाच्या पहिल्याच वर्षी जामिनाच्या एका आदेशाचे भाषांतर माझ्याकडे आले. त्यात ‘एन्लार्ज्ड ऑन बेल’ असे होते आणि मी शब्दकोशाच्या भरवशावर ‘अर्जदाराचा जामीन वाढवण्यात येत आहे’ असे लिहिले. आरोपीचा थोरला भाऊ तो कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याने त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “साहेब, जामीन वाढवला म्हणजे अजून पैसे भरायचे का? आधीच म्हैस विकलीय.” त्याचा भाऊ सुटला होता आणि माझ्या एका शब्दामुळे त्याला ते कळले नव्हते. एका वकिलांनी मला तेथेच समजावून सांगितले की, येथे जामीन मोठा होत नाही, माणूस मोकळा होतो. त्या दिवसापासून मी कोणत्याही क्रियापदाचे भाषांतर त्याचे कर्म पाहिल्याशिवाय करत नाही.

हा अर्थ कोठून आला? जुन्या इंग्रजीत ‘एन्लार्ज’चा ‘बंधनातून सोडणे’ असा एक सर्रास अर्थ होता. फरारी माणसाबद्दल आजही ‘अ‍ॅट लार्ज’ म्हणतात, म्हणजे मोकळा हिंडणारा. त्याला मोकळे करणे म्हणजे ‘एन्लार्ज’ करणे. बायबलच्या चौथ्या स्तोत्रात भक्त देवाला म्हणतो की, मी अडचणीत असता तू मला ‘एन्लार्ज’ केलेस. या ओळीचे भाषांतर करताना मराठी किती उपयोगी पडते पाहा. ‘अडचण’ म्हणजे संकट आणि ‘अडचणीची जागा’ म्हणजे दाटीची, हात-पाय हलवता न येणारी जागा. त्याच्या उलट ‘मोकळा’ म्हणजे ऐसपैस आणि ‘मोकळा’ म्हणजे सुटलेला. मोकळे मैदान, मोकळे आवार, मोकळा श्वास, आणि तुरुंगातून मोकळा झालेला माणूस. जागा आणि सुटका या दोन कल्पना ‘एन्लार्ज’मध्ये जशा एकत्र नांदत होत्या, तशाच त्या ‘मोकळा’मध्ये आजही नांदतात. इंग्रजीच्या रोजच्या वापरातून हा अर्थ केव्हाच गेला, पण भारतीय न्यायालयांच्या भाषेत तो टिकला आहे. विशेष म्हणजे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जामिनाच्या प्रमुख कलमांत ‘रिलीज्ड ऑन बेल’ अशी शब्दयोजना होती; ‘एन्लार्ज्ड’ ही न्यायालयीन आदेशांच्या लेखनाची परंपरा आहे. तेव्हा आपल्या वाक्याचे मराठी ‘अर्जदारास जामिनावर मुक्त करण्यात यावे’ असे करावे. पुढे बहुधा ‘पी. आर. बाँड’ आणि ‘शुअर्टी’ यांचा उल्लेख येईल. त्यांना अनुक्रमे ‘जातमुचलका’ आणि ‘जामीनदार’ हे रूढ शब्द आहेत, तेच ठेवावेत.

न्यायालयातच या क्रियापदाचा आणखी एक वापर आहे आणि तो वरच्या वापराशी मिसळू देऊ नये. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम १४८ चा मथळा ‘एन्लार्जमेंट ऑफ टाइम’ असा आहे. न्यायालयाने एखादी गोष्ट करण्यासाठी ठरवून दिलेली मुदत, ती संपून गेलेली असली तरीही, न्यायालय आपल्या विवेकाधिकारात वाढवून देऊ शकते, असे ते कलम सांगते. ही वाढ एकूण तीस दिवसांपेक्षा जास्त नसावी, ही अट १९९९ च्या दुरुस्तीने आली. दुसरीकडे १९६३ च्या मुदत अधिनियमातील कलम ५ चा मथळा ‘एक्स्टेन्शन’ या शब्दाने सुरू होतो. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘मुदतवाढ’ म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. शब्दांच्या प्रतिमा मात्र निराळ्या आहेत: ‘एक्स्टेंड’मध्ये दोरी पुढे ताणली जाते, तर ‘एन्लार्ज’मध्ये दिलेला अवकाश मोठा केला जातो. बोलताना मुदतीसाठी ‘एक्स्टेंड’च वापरावे, ‘एन्लार्ज’ अर्जात आणि युक्तिवादात शोभते.

आता यकृताचे वाक्य. येथे अडचण व्याकरणाची आहे. ‘एन्लार्ज’ हे सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘त्यांनी खोली एन्लार्ज केली’ आणि ‘प्लीहा एन्लार्ज झाली’ ही दोन्ही कामे इंग्रजीत एकाच रूपाने होतात. मराठीत मात्र आपण ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’, ‘फुगणे’ आणि ‘फुगवणे’ असा भेद काटेकोरपणे पाळतो. ‘एन्लार्ज्ड’ हे रूप पाहून भाषांतरकार त्याला कर्मणी समजतो आणि ‘वाढवलेले यकृत’ असे लिहून मोकळा होतो. एका आरोग्यविषयक पत्रकाच्या कच्च्या मसुद्यात ‘वाढवलेले हृदय’ असे मी स्वतः पाहिले आहे. ते वाचणाऱ्या रुग्णाने काय समजावे? हृदय कोणी वाढवलेले नसते, ते वाढलेले असते. आपल्या वाक्याचे भाषांतर ‘यकृताचा आकार किंचित वाढलेला आहे’ असे करावे. येथे ‘आकार’ हा शब्द मी आवर्जून घालतो, कारण नुसते ‘यकृत वाढले आहे’ म्हटले की घरातली माणसे घाबरतात आणि ‘यकृताला सूज आहे’ म्हटले की त्याचा अर्थ दाह असा होतो. आकार वाढणे ही सोनोग्राफीत मोजलेली गोष्ट आहे, सूज हे तिचे एक संभाव्य कारण आहे. अहवालात जे मोजले आहे तेवढेच भाषांतरात यावे. कारण सांगण्याचे काम डॉक्टरांचे आहे. प्लीहेलाही हेच लागू आहे, जिला खेड्यापाड्यांत पाणथरी म्हणतात आणि जी हिवतापात मोठी होते. मानेतील किंवा जांघेतील गाठींच्या बाबतीत मात्र बोलीत ‘अवधाण येणे’ किंवा ‘गाठी सुजणे’ असेच म्हणतात. रुग्णासाठीच्या पत्रकात ते ठेवायला हरकत नाही.

वैद्यकीय कागदांतच ‘एन्लार्ज’ आणि ‘मॅग्निफाय’ यांच्यातला फरक अगदी जवळून दिसतो. छातीच्या एक्स-रेवर हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर हृदय मोठे झाले असावे असे मानतात. पण हा नियम रुग्ण उभा राहून, किरण पाठीकडून आत जातील अशा रीतीने काढलेल्या चित्रासाठी आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा एक्स-रे खाटेवरच काढतात तेव्हा किरण समोरून जातात आणि फिल्म पाठीखाली असते. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असल्यामुळे ते फिल्मपासून दूर पडते आणि दिव्यापुढे धरलेल्या हाताची सावली भिंतीपासून हात दूर नेला की जशी मोठी होते, तशी त्याची सावली मोठी पडते. अशा वेळी रेडिऑलॉजिस्ट सांगतात की हृदय ‘मॅग्निफाइड’ दिसते आहे, ते ‘एन्लार्ज्ड’ आहे असे यावरून म्हणता येणार नाही. पहिल्यात वस्तू तेवढीच राहते आणि दिसते मोठी; दुसऱ्यात वस्तूच मोठी होते. म्हणून ‘मॅग्निफाइड’साठी ‘मोठे दिसते’ आणि ‘एन्लार्ज्ड’साठी ‘मोठे झाले आहे’ असे लिहावे. आपल्या शालेय विज्ञानात भिंगाच्या संदर्भात ‘विशालन’ हा शब्द आहे, तो पहिल्या अर्थाचा आहे. उष्णतेने होणारे ‘प्रसरण’ हे ‘एक्स्पान्शन’ आहे; रेल्वेचा रूळ उन्हात एन्लार्ज होत नाही, एक्स्पांड होतो.

या क्रियापदाशी माझी ओळख मात्र न्यायालयातही झाली नाही आणि दवाखान्यातही नाही. माझ्या मामांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता आणि सुट्टीत मी त्यांच्या डार्करूममध्ये लाल दिव्याच्या उजेडात बसलेला असे. तेथे एन्लार्जर नावाचे यंत्र होते: खाली पाट, त्यावर उभा खांब आणि खांबावर वर-खाली सरकणारे डोके, ज्यात निगेटिव्ह ठेवून वरून दिवा लावत. गावाकडून कोणी लग्नातला एखादा समूहफोटो घेऊन येई आणि त्यातल्या, आता हयात नसलेल्या वडिलांवर बोट ठेवून “एवढाच चेहरा एन्लार्ज करून द्या” असे सांगे. त्या बाईमाणसांच्या, शेतकऱ्यांच्या तोंडी हा इंग्रजी शब्द इतका रुळलेला होता की त्याला मराठी शब्द शोधण्याची कोणाला गरजच वाटत नसे. समूहफोटोची निगेटिव्ह मिळाली नाही तर मामा आधी त्या फोटोचाच फोटो काढत. मग डोके खांबावर वर नेत, पाटावर चेहरा पसरत जाई, कडा पुसट होत, आणि मामा भिंगाची चकती फिरवून डोळ्यांच्या कडा नीट येईपर्यंत थांबत. ब्रोमाइड कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये टाकला की आधी मिशा दिसत, मग टोपीची कड, मग डोळे. समोरचा माणूस बाहेर बाकावर वाट पाहत बसलेला असे.

त्या खोलीत मला दोन गोष्टी समजल्या, ज्या पुढे भाषांतरातही उपयोगी पडल्या. पहिली गोष्ट अशी की, चित्र एन्लार्ज केले म्हणजे त्यात नवे काही येत नाही. निगेटिव्हमध्ये जे आहे तेच मोठ्या जागेवर पसरते. फार मोठे केले तर दाणे दिसू लागतात, आणि आज फ्लेक्सवाला ‘फोटो फुटतो’ असे म्हणतो तेही याच कारणाने. म्हणून चित्राच्या बाबतीत ‘वाढवणे’ हा शब्द मला अपुरा वाटतो; तेथे ‘मोठा करणे’ हेच बरोबर आहे. ग्रंथाची गोष्ट वेगळी. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘रिव्हाइज्ड अँड एन्लार्ज्ड’ असे छापलेले आहे. तेथे अक्षरे मोठी केलेली नाहीत, नव्या मजकुराची भर घातलेली आहे. तिला आपल्याकडे ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ असे नेमके नाव आहे आणि तेथे ‘वाढवणे’ शंभर टक्के योग्य आहे. तेव्हा चित्र किंवा प्रत असेल तर मोठे करणे, आणि भर पडून मोठी झालेली खरी वस्तू असेल तर वाढवणे, असा भेद मी पाळतो.

दुसरी गोष्ट मापाची, आणि येथे इंग्रजी शब्दयोगी अव्ययांकडे बारकाईने पाहावे लागते. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. तिच्यापासून ८ बाय १२ इंचांचा फोटो केला तर प्रत्येक बाजू सुमारे साडेआठ पट होते, पण क्षेत्रफळ सुमारे बहात्तर पट होते. मग हा फोटो किती पट एन्लार्ज झाला? छायाचित्रकार बाजू मोजून उत्तर देतो, कारण त्याच्या धंद्यात मोठेपणा बाजूवर मोजतात. झेरॉक्सच्या यंत्रावरही तेच आहे. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा आणि ए-३ कागद २९७ बाय ४२० चा. ए-४ वरचा मजकूर ए-३ वर पूर्ण भरायचा असेल तर यंत्रावर १४१ टक्के हा आकडा लावतात, बाजू १.४१ पट झाली की क्षेत्रफळ दुप्पट होते. ‘डबल करून द्या’ असे सांगणारे गिऱ्हाईक कागद दुप्पट मागत असते, पण दुकानदाराने २०० टक्के लावले तर बाजू दुप्पट आणि मजकूर कागदाबाहेर. म्हणून तांत्रिक मजकुरात ‘दुप्पट मोठे करा’ असे लिहिण्याऐवजी ‘लांबी व रुंदी दुप्पट करा’ असे स्पष्ट लिहावे. त्याचप्रमाणे ‘एन्लार्ज बाय फिफ्टी पर्सेंट’ म्हणजे ५० टक्क्यांनी मोठे करणे आणि ‘एन्लार्ज टू वन हंड्रेड अँड फिफ्टी पर्सेंट’ म्हणजे मूळ मापाच्या १५० टक्के करणे. दोहोंचा परिणाम एकच, पण ‘बाय’ आणि ‘टू’ यांची अदलाबदल झाली तर चित्र दुसऱ्याच मापाचे होते. मराठीत ‘बाय’साठी ‘-नी’ हा प्रत्यय आणि ‘टू’साठी ‘इतके’ हा शब्द ठेवला की गोंधळ होत नाही.

ब्रिटिश शालेय भूमितीत मात्र हा शब्द एक निराळे वळण घेतो. तेथे एखादी आकृती ठरावीक बिंदूपासून ठरावीक पटीने मोठी किंवा लहान करण्याच्या क्रियेलाच ‘एन्लार्जमेंट’ म्हणतात. पट अर्धी असेल तर आकृती लहान होते, तरीही नाव ‘एन्लार्जमेंट’च राहते. परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलांचे पालक याबाबत विचारतात तेव्हा मी त्यांना सांगतो की, येथे शब्दाचा रोजचा अर्थ बाजूला ठेवून त्याला संज्ञा समजावे.

घर आणि कपडे यांच्या बाबतीत ‘एन्लार्ज’चा मोह आवरावा. दोन खणांच्या घराला तिसरा खण जोडला तर इंग्रजीत ‘एक्स्टेंड’ म्हणणे अधिक स्वाभाविक आहे, कारण घर एका बाजूला पुढे गेले. मधली भिंत पाडून खोली मोठी केली तर ‘एन्लार्ज’. रस्ता मोठा केला तर ‘वायडन’, आणि त्याला आपल्याकडे ‘रस्ता रुंदीकरण’ हा चपखल शब्द आहेच. शिंपी शिवणीत माया सोडतो आणि पुढे ब्लाउज घट्ट होऊ लागला की ती माया उसवून तो सैल करून देतो. याला इंग्रजीत ‘लेट आउट’ म्हणतात. ब्लाउज एन्लार्ज केला असे कोणी इंग्रज म्हणणार नाही.

संस्था आणि देश यांच्या बाबतीत मात्र ‘एन्लार्ज’ आणि ‘एक्स्पांड’ यांच्यातली निवड केवळ भाषेची राहत नाही. युरोपीय संघात, म्हणजे तेव्हाच्या युरोपीय समुदायात, १९७३ मध्ये ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क आले, २००४ मध्ये एकदम दहा देश आले, २०१३ मध्ये क्रोएशिया आला. संघ स्वतः या प्रक्रियेला ‘एन्लार्जमेंट’ म्हणतो. नाटोने १९९५ मध्ये या विषयावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाच्या नावातही ‘एन्लार्जमेंट’च आहे, आणि या धोरणाचे टीकाकार मात्र पुष्कळदा ‘एक्स्पान्शन’ म्हणतात. पहिल्या शब्दात नवे सदस्य आत येतात आणि घर मोठे होते. दुसऱ्यात घर बाहेरच्या दिशेने पसरत जाते आणि कोणाच्या तरी हद्दीपर्यंत पोहोचते. मराठी वृत्तपत्रे दोन्हीसाठी ‘विस्तार’ वापरतात, आणि ‘विस्तार’ या शब्दाला ‘विस्तारवाद’ इतका जवळचा आहे की ‘एन्लार्जमेंट’ची सौम्यता मराठीत येताना हरवते. मी अशा ठिकाणी ‘सदस्यवाढ’ असे लिहितो. मूळ मजकूर ज्या बाजूचा आहे तिची छटा भाषांतरातही राहिली पाहिजे, आणि ती पुसण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. आपल्याकडच्या ‘मंत्रिमंडळ विस्तारा’ला मात्र इंग्रजी वृत्तपत्रे ‘कॅबिनेट एक्स्पान्शन’ म्हणतात. तेथे रूढी पाळावी.

राहिले तिसरे वाक्य. ‘एन्लार्ज’नंतर ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ आले की क्रियापदाचा अर्थ ‘अधिक तपशिलाने सांगणे’ असा होतो. हे अव्यय गाळले तर अर्थ बदलतो: ‘एन्लार्ज द पॉइंट’ असे लिहिले तर कोणी मुद्दा ठळक अक्षरात छापून देईल. ‘एक्सप्लेन’मध्ये न समजलेले समजावून देणे आहे, ‘एन्लार्ज अपॉन’मध्ये मुद्दा समजलेला आहे, तो थोडक्यात आला आहे, एवढीच तक्रार आहे. म्हणून येथे ‘स्पष्टीकरण द्यावे’ असे भाषांतर करू नये. आपल्या कार्यालयीन भाषेत स्पष्टीकरण चुकीबद्दल मागतात, आणि ज्याला ते पत्र मिळेल तो आपल्यावर ठपका आला असे समजून उत्तर लिहायला बसेल. आपले वाक्य ‘या मुद्द्याबाबत कृपया अधिक तपशील द्यावा’ असे करावे, आणि पत्र परिचिताला असेल तर ‘हा मुद्दा जरा विस्ताराने लिहावा’ असेही चालेल.